लग्नाचं व्हिडिओ शूटिंग: टीम ठरवण्यापासून फिल्म हातात पडेपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओवाले किती आधी ठरवावेत?

कार्यालय आणि तारीख ठरली की लगेच. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागेपर्यंत चालतो. त्यातून पौष आणि गुरू-शुक्राच्या अस्ताचे दिवस वगळले, तर मुहूर्ताच्या चांगल्या तारखा मोजक्याच उरतात आणि त्या सगळ्यांना एकाच वेळी हव्या असतात. एका टीमकडे एकाच दिवसाच्या तीन-तीन ऑर्डरी येतात. सहा-आठ महिने आधी बोललात तर मनासारखी टीम मिळते. शेवटच्या महिन्यातही कोणीतरी मिळतंच, पण तेव्हा पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा होतो.

ज्यांचं काम बघून ठरवलं, तेच शूटिंगला येतील का?

हे विचारल्याशिवाय इसार देऊ नका. या धंद्यात ‘असाइनमेंट’ची पद्धत सर्रास आहे. ऑर्डर एका स्टुडिओची, कॅमेरा चालवणारे रोजावर बोलावलेले फ्रीलान्सर आणि मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, तिसऱ्याच ठिकाणी. यात गैर काही नाही, कित्येक फ्रीलान्सर उत्तम काम करतात. पण तुम्हाला दाखवलेली फिल्म ज्यानं शूट केली तो तुमच्या लग्नाला नसेल, तर त्या नमुन्याला काही अर्थ उरत नाही. ‘मुख्य कॅमेरामन कोण?’ हे नावानिशी विचारा, त्याच माणसानं शूट केलेलं काम बघा आणि ते नाव करारात लिहून घ्या.

नमुना बघताना नेमकं काय बघायचं?

तीन मिनिटांचा टीझर बघून ठरवू नका. दहा लग्नांतले चांगले तुकडे जोडले की कोणाचाही टीझर देखणा दिसतो. एकाच लग्नाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची फिल्म मागा, शक्यतो तुमच्यासारख्याच कार्यालयातली. मग तीन जागा बघा. पहिली, अंतरपाट दूर होतो तो क्षण: दोघांचे चेहरे दिसतात, की मामांची पाठ? दुसरी, सप्तपदी आणि लाजाहोम: गुरुजींचा आवाज स्वच्छ येतो, की वर नुसतं संगीत चढवलंय? तिसरी, रात्रीचं रिसेप्शन: चेहऱ्यांचा रंग माणसांसारखा आहे, की जांभळा-हिरवा? हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर खराब आवाज लपून जातो.

ट्रॅडिशनल, कँडिड, सिनेमॅटिक यांत फरक काय? सगळंच घ्यावं लागतं का?

ट्रॅडिशनल म्हणजे प्रत्येक विधी सलग, आवाजासकट, बहुतेक वेळा तिपाईवरून. कँडिड म्हणजे नकळत टिपलेले हावभाव. सिनेमॅटिक म्हणजे गिंबल (चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा), मागचं धूसर दाखवणाऱ्या लेन्स, स्लो मोशन आणि संगीतावर कापलेली पंधरा-वीस मिनिटांची फिल्म.

तरुण मंडळी फक्त सिनेमॅटिक मागतात आणि इथेच गोची होते. सेकंदाला १०० किंवा १२० फ्रेमच्या स्लो मोशन मोडमध्ये अनेक कॅमेरे आवाज रेकॉर्डच करत नाहीत. सगळी मंगलाष्टकं अशा मोडमध्ये घेतली, तर चित्र सुरेख मिळतं पण आत्यानं स्वतः रचून म्हटलेलं मंगलाष्टक कायमचं गेलं. म्हणून पैसे कमी असले तरी एक कॅमेरा सलग, साध्या वेगात आणि आवाजासकट चालू ठेवणारा हवाच. दुसरा सिनेमॅटिकचा घ्या. पैसे दोन्हीला पुरत नसतील, तर आमचं स्पष्ट मत आहे की पहिला ठेवा.

किती कॅमेरे पुरे?

दीडशे-दोनशे माणसांच्या एका दिवसाच्या लग्नाला दोन कॅमेरे आणि एक हरकाम्या मदतनीस. पाचशेच्या पुढे, किंवा वरात आणि गौरीहर एकाच वेळी चालणार असतील तर तीन. नवरदेव पारावरून निघालाय आणि नवरी खोलीत गौरीहरापुढे बसलीय, हे दोन्ही एक माणूस टिपू शकत नाही. क्रेन म्हणजे जिब ही मोठ्या लॉनवर शोभते. छोट्या हॉलमध्ये ती पाहुण्यांच्या डोक्यावरून फिरत राहते, जागा खाते आणि फिल्मला फारसं काही देत नाही.

मुहूर्ताचा क्षणच नेमका का हुकतो?

कारण तो काही सेकंदांचा असतो, पुन्हा करता येत नाही आणि त्याच वेळी स्टेजवर सर्वांत जास्त गर्दी असते. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, पाठीमागे मामा आणि करवल्या, दोन्ही टोकांना गुरुजी, शिवाय मोबाइल उंच धरलेले दहा-बारा जण.

उपाय जागेचा आहे. एक कॅमेरा स्टेजवर, अंतरपाटाच्या रेषेच्या टोकाशी, म्हणजे कापड दूर झाल्याबरोबर दोन्ही चेहरे बाजूनं दिसतील असा. दुसरा हॉलमध्ये, मधल्या वाटेच्या शेवटी उंच चौथऱ्यावर, झूम लेन्स लावून तिपाईवर. हा दुसरा जागचा हलायचाच नाही, कारण अक्षता टाकायला सगळे उभे राहिले की जमिनीवर उभ्या माणसाला फक्त डोकी दिसतात. दोन-अडीच फुटांचा चौथरा मंडपवाल्याला आधीच सांगून ठेवावा लागतो, ऐन वेळी खुर्चीवर चढून चालत नाही. तिसरा कॅमेरा असेल तर तो आई-वडिलांच्या चेहऱ्यांवर.

मंगलाष्टकं किती होणार हे कोणालाच ठाऊक नसतं. मावशी, काका, शाळेतल्या बाई असे म्हणणारे वाढत जातात आणि गुरुजी घड्याळाकडे बघत राहतात. मुरलेला कॅमेरामन आकडा मोजत बसत नाही, ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ कधी सुरू होतं याकडे कान ठेवतो. ते ऐकू आलं की जागा बदलायची नाही, लेन्स बदलायची नाही. परप्रांतातून आलेल्या टीमला हा इशारा माहीत नसेल तर आधी सांगून ठेवा.

बाकीच्या चुका साध्या असतात. मंगलाष्टकांच्या मधेच कार्ड भरतं किंवा बॅटरी उतरते. काही जुने कॅमेरे एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदच रेकॉर्ड करतात आणि गुपचूप थांबतात. मे महिन्यात पंख्याखालीही फोर-के शूटिंग करताना लहान कॅमेरे तापून बंद पडतात. घाईत बटण दोनदा दाबलं जातं, रेकॉर्डिंग बंद होतं आणि कॅमेरामनला वाटतं चालू आहे. म्हणून पहिलं मंगलाष्टक सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी प्रत्येक कॅमेऱ्यात भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड, हा नियम टीमला आहे का ते विचारा. उत्तर अडखळत आलं तर समजून घ्या.

आवाजासाठी वेगळं काही लागतं का? कॅमेऱ्याला माइक असतोच की.

लागतं, आणि आमच्या मते सगळ्या खर्चात इथेच सर्वांत जास्त मोल मिळतं. कॅमेऱ्यावरचा माइक पंधरा फुटांवरून गुरुजींपेक्षा शेजारच्या खुर्चीतल्या गप्पा जास्त स्पष्ट घेतो. चित्र थोडं अंधारं असलं तर सुधारता येतं. गोंगाटात बुडालेला आवाज परत वर काढता येत नाही.

चांगली टीम तीन ठिकाणांहून आवाज घेते. एक, हॉलच्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेऊन छोट्या रेकॉर्डरमध्ये. यात मंगलाष्टकं आणि मंत्र स्वच्छ मिळतात. इथे एक चूक वारंवार होते: मिक्सरमधून येणारा सिग्नल जोरकस असतो, रेकॉर्डरचं इनपुट ‘माइक’वर राहिलं तर सगळा आवाज फाटतो. ‘लाइन’वर करून आधी तपासावं लागतं. दोन, गुरुजींच्या उपरण्याला कॉलर माइक. नवरीच्या शालूवर माइक लावू नये, रेशीम आणि दागिने घासून सतत खरखर येते. नवरा सोवळ्यात असेल तर माइक लावायला जागाच नसते. अशा वेळी चौरंगाजवळ, तांब्या-पळीच्या पाण्यापासून लांब, छोटा रेकॉर्डर ठेवणं बरं. तीन, हॉलच्या वातावरणासाठी एक माइक, कारण मिक्सरच्या वायरमधून टाळ्या येत नाहीत, हसू येत नाही आणि स्पीकरशिवाय वाजणारी सनईही येत नाही.

बिनतारी माइक बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथही असतं. पाचशे मोबाइलांच्या गर्दीत सकाळी तपासलेला माइक दुपारी तुटक होऊ शकतो. म्हणून अंगावरच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा माइक सुरक्षित. आणि वीज गेली की मिक्सर बंद पडतो, जनरेटर लागेपर्यंतची मिनिटं बॅटरीवरच्या रेकॉर्डरनंच वाचतात.

तुमच्या हातात असलेली एक गोष्ट: अंतरपाट दूर झाल्यावर लगेच डीजे सिनेमाचं गाणं लावतो. त्या आवाजाखाली आई काय म्हणाली, नवरी का हसली, सगळं बुडतं. नंतर तो तुकडा यूट्यूबवर टाकला तर कॉपीराइटची तक्रार येते ती वेगळीच. त्या पहिल्या दोन मिनिटांपुरतं फक्त सनई-चौघडा किंवा ताशा ठेवायला सांगा.

स्टेजवरच्या दिव्यांबद्दल व्हिडिओवाले एवढे का भांडतात?

कारण जांभळ्या-निळ्या एलईडी पार लाइटमध्ये रंगलेला चेहरा मिक्सिंगमध्ये दुरुस्त होत नाही. फ्रेममध्ये तांबडा-पिवळा रंग आलाच नसेल तर आणायचा कुठून? डेकोरेटरला सांगा: रंगीत दिवे मागच्या पडद्यावर हवे तेवढे, पण वधू-वरांच्या चेहऱ्यावर विधी चालू असेपर्यंत फक्त एकाच छटेचा पांढरा किंवा किंचित पिवळसर उजेड. हळदीला पिवळ्या कापडाचा मंडप आणि दुपारचं ऊन एकत्र आलं की माणसं हळद लागायच्या आधीच पिवळी दिसतात. वर पांढरं छत आणि बाजूंना पिवळं कापड, एवढ्या बदलानं काम भागतं.

दुसरा त्रास लुकलुकीचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की दिवे स्थिर दिसतात. कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० वर असेल तर काही एलईडी दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात. मागे एलईडी वॉल असेल तर सकाळी दहा मिनिटं ती चालू करून कॅमेऱ्यातून बघायला मिळावी, असं कार्यालयाशी बोलून ठेवा.

गोरज मुहूर्तावर लॉनमध्ये लग्न असेल तर उजेड दर पाच मिनिटांनी बदलतो. मंगलाष्टकं सुरू होताना संधिप्रकाश, संपेपर्यंत अंधार. त्यामुळे स्टेजचे दिवे सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच लागलेले हवेत.

फोटो आणि व्हिडिओ एकाच टीमकडे द्यावेत की वेगळे?

शक्यतो एकाच टीमकडे, किंवा निदान आधी एकत्र काम केलेल्यांकडे. फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की व्हिडिओत अर्ध्या फ्रेमवर पांढरा पट्टा उमटतो. मुहूर्ताला चार-पाच फ्लॅश एकदम उडाले तर तो तुकडा बघवत नाही. दोघांना एकमेकांची सवय असली की जागा वाटून घेतात आणि त्या मिनिटाला फ्लॅशऐवजी सलग लाइट वापरतात.

मुलाकडची टीम वेगळी आणि मुलीकडची वेगळी, हा प्रकार तर फार अवघड. दोन्ही बाजूंचे मिळून सात-आठ जण स्टेजवर, प्रत्येक जण दुसऱ्याच्या फ्रेममध्ये. मानपानाचा प्रश्न असेल तर विभागणी अशी करा: हळद, देवक आणि आपापल्या घरचे विधी आपापल्या टीमनं, लग्नाचा मुहूर्त ते पाठवणी एकाच टीमनं आणि त्याचा सगळा डेटा दोन्ही घरांना. दोन्हीकडच्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळीच एका वेळेला लावून घेतली तर मिक्सिंगमध्ये तुकडे जुळवणं सोपं जातं.

घरच्यांनी कोणती तयारी करून द्यावी?

दोन कागद. पहिल्यावर विधींचा क्रम आणि अंदाजे वेळा, तुमच्याकडे होतात तेवढेच: सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टकं, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, झाल, पाठवणी. घराण्यागणिक आणि गावागणिक क्रम बदलतो, कानपिळी दोन मिनिटांत होऊन जाते आणि कॅमेरामन जेवायला गेलेला असतो. दुसऱ्यावर पंधरा-वीस माणसांची नावं, जी फिल्ममध्ये दिसायलाच हवीत. नुसती नावं देऊन भागत नाही. दोन्ही बाजूंचा एकेक तरुण माणूस ‘ह्या आजी, हे मामा’ असं दाखवायला टीमबरोबर हवा. तो नवरा-नवरीचा सख्खा भाऊ किंवा बहीण नसावा, त्यांना त्या दिवशी उसंत नसते.

टीमचं जेवण पंगतीच्या आधी उरकून घ्या. पंगतीत उखाणे घेतले जातात आणि त्या वेळी कॅमेरा चालूच लागतो.

ड्रोन घ्यावा का? परवानगी लागते का?

मोकळं लॉन, समुद्रकाठ, वाड्याचं अंगण किंवा लांबलचक वरात असेल तर दोन-तीन मिनिटांचे शॉट छान येतात. बंद हॉलच्या लग्नाला त्याचा उपयोग नाही, ते पैसे आवाजावर घाला.

परवानगीचं चित्र ‘ड्रोन नियम २०२१’ नुसार असं आहे. प्रत्येक ड्रोनची नोंदणी आणि त्याला ओळख क्रमांक हवा. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो, त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर प्रमाणपत्रधारक पायलटच हवा, आणि लग्नाचं शूटिंग हा धंदाच आहे. ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशात हिरवी, पिवळी आणि लाल क्षेत्रं आखलेली असतात. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी नको. पिवळ्यात आणि लाल क्षेत्रात ती हवीच. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, आसपास लग्नाची लॉनंही पुष्कळ आहेत. त्यामुळे नकाशा न बघता ‘आम्ही नेहमीच उडवतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. लग्नाच्या आठवड्यात स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करा.

अक्षता पडत असताना, ढोल-ताशाच्या गर्दीवर किंवा हवाई फटाके उडत असताना ड्रोन डोक्यावर नको. पंख्याचा वारा मंडपातली फुलं आणि होमाचा धूर उडवतो हा त्यातला सर्वांत छोटा धोका.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी लाइव्ह करायचं आहे. काय लागेल?

फुल एचडी दर्जासाठी किमान पाच-सहा एमबीपीएसचा अपलोड वेग सलग हवा. डाउनलोडचा नाही, अपलोडचा. तो लग्नाच्या वेळी, भरलेल्या हॉलमध्ये घसरतो, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम किंवा कार्यालयाच्या ब्रॉडबँडची वायर अशी दुहेरी सोय ठेवा. यूट्यूब चॅनेल नवा असेल तर लाइव्हची सोय पहिल्यांदा चालू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो, आदल्या रात्री चॅनेल काढून उपयोग नाही. लिंक ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे ती ज्यांच्याकडे आहे त्यांनाच दिसेल. हॉलमध्ये सिनेमाची गाणी वाजत राहिली तर यूट्यूब प्रक्षेपण मधेच थांबवू शकतं.

थंडीच्या दिवसांत आपले सकाळचे ११ म्हणजे लंडनचे पहाटेचे साडेपाच आणि न्यूयॉर्कचे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. पत्रिकेबरोबर त्यांच्या घड्याळाची वेळही कळवा.

दर कशावर ठरतो? एकाच कामाचे दोन दर इतके वेगळे का?

आकडा बघण्याआधी माणसं आणि दिवस मोजा. दोन दिवस, दोन कॅमेरामन, एक मदतनीस म्हणजे सहा मनुष्यदिवस. त्यावर आवाजाचं सामान, प्रवास-मुक्काम आणि एडिटिंग. दोन कॅमेरे रोज सहा तास चालले तर दोन दिवसांत २४ तासांचं रेकॉर्डिंग होतं. ते नुसतं बघायलाच तीन-चार दिवस जातात, मग कापणं, आवाज जुळवणं आणि रंग बसवणं. स्वस्त दरात यातलं काहीतरी गाळलेलं असतं, बहुधा दुसरा माणूस किंवा आवाज. दर सांगणाऱ्याला ‘यात किती माणसं, किती तास, किती माइक?’ असं विचारलं की दोन दर शेजारी ठेवून तुलना करता येते. आणि जीएसटी धरून सांगितलाय की वेगळा हेही विचारा. नोंदणी असलेल्या स्टुडिओला सहसा १८ टक्के लावावा लागतो.

पैसे तीन हप्त्यांत द्यावेत: ठरवताना पाव हिस्सा, लग्नाच्या दिवसापर्यंत निम्मा आणि उरलेला पाव फिल्म आणि सगळा डेटा हातात पडल्यावर. लग्नाच्याच दिवशी सगळे पैसे चुकते केले की तुमचं काम हंगाम संपेपर्यंत मागे पडतं. हे लबाडीनंच होतं असं नाही, पुढच्या ऑर्डरी डोक्यावर असतात. पण होतं हे खरं.

लेखी करार करायचा का? त्यात काय हवं?

कराच. ओळखीतला असला तर आणखी आवर्जून, कारण ओळखीत नंतर बोलता येत नाही. एक पान पुरतं. त्यात तारखा, ठिकाणं, सुरू आणि संपण्याची वेळ, त्यापुढच्या प्रत्येक तासाचा दर, कॅमेरामनची नावं, कॅमेऱ्यांची संख्या आणि कॅमेरा दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड करतो का हे लिहा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. एक कार्ड बिघडलं तर दुसरं असतं. मग काय मिळणार ते: टीझर, हायलाइट, पूर्ण फिल्म, रील्स, प्रत्येकाची अंदाजे लांबी आणि तारीख. दुरुस्तीच्या फेऱ्या किती. मुख्य कॅमेरामन आजारी पडला तर कोण येणार. लग्न पुढे गेलं तर इसाराचं काय.

आणि तुमची फिल्म त्यांनी इन्स्टाग्रामवर टाकायची की नाही, हे हो किंवा नाही असं स्पष्ट. लहान मुलांचे चेहरे किंवा घरातले खाजगी क्षण नको असतील तर तेही.

रॉ डेटा मागायचा हक्क आहे का?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, तुम्ही मोबदला देऊन करवून घेतलेल्या फिल्मचे पहिले हक्कदार तुम्हीच असता, वेगळा करार केला नसेल तर. पण हक्क वेगळा आणि न कापलेल्या सगळ्या फाइली हातात देणं वेगळं. त्यावरून हमखास वाद होतो, म्हणून ‘रॉ डेटा देणार, या तारखेपर्यंत, हार्ड डिस्क आमची’ असं आधीच लिहा. फोर-केला सेकंदाला १०० मेगाबिट धरले तर तासाला ४५ जीबी, म्हणजे वर सांगितलेल्या २४ तासांना साधारण १ टीबी लागतं. २ टीबीची डिस्क द्या. हंगामात स्टुडिओ जुना डेटा पुसून जागा करतात, त्यामुळे वर्षभरानं मागायला गेलात तर तो नसेलही.

फिल्मला आवडतं सिनेमाचं गाणं लावता येईल?

घरी बघण्यापुरती कुणी हरकत घेत नाही, पण यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर टाकलं की गाणं ओळखलं जातं. आवाज बंद होतो, जाहिराती लागतात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसतच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीत आणि समारंभात गाणी वाजवायला सूट आहे. ती वाजवण्यापुरती, फिल्ममध्ये जोडून प्रसिद्ध करायला नाही. दोन प्रती करून घ्या: एक घरासाठी, एक परवाना घेतलेल्या संगीतावरची. घरात कुणी गात असेल, पेटी वाजवत असेल, तर त्याचंच रेकॉर्डिंग वापरा. यापेक्षा चांगलं संगीत त्या फिल्मला मिळणार नाही.

फिल्म किती दिवसांत मिळावी? दुरुस्त्या कशा सांगाव्यात?

टीझर दोन आठवड्यांत, पूर्ण फिल्म दोन-तीन महिन्यांत हे वाजवी. मे महिन्याच्या लग्नाला थोडा जास्त वेळ धरा.

दुरुस्त्या फोनवर सुचतील तशा सांगू नका. दोन्ही घरांनी फिल्म बघावी, एकच यादी करावी आणि प्रत्येक ठिकाणी मिनिट-सेकंद लिहावं: ‘१४ मिनिटं २० सेकंद, मोठ्या काकूंचं नाव चुकलंय’. न शूट झालेलं कुणी आणू शकत नाही, पण विधींचा क्रम, नावांचं शुद्धलेखन, राहून गेलेली माणसं आणि आवाजाची पातळी हे सगळं बदलता येतं.

चर्चमधलं लग्न, निकाह, बौद्ध पद्धतीचं किंवा नोंदणी विवाह असेल तर?

वसईत किंवा गोव्यात चर्चमध्ये लग्न असेल तर कॅमेरामननं आधी तिथल्या फादरना भेटावं. वेदीच्या किती जवळ जायचं आणि लाइट चालतील का हे तेच सांगतील. निकाहात बायकांच्या बाजूचं शूटिंग हवं असेल तर कॅमेरा चालवणारी मुलगी टीममध्ये आहे का ते ठरवतानाच विचारा, अशा जणी मोजक्या आहेत आणि लवकर बुक होतात. बौद्ध विवाह थोड्या वेळात आटोपतो. त्रिशरण, पंचशील आणि वधू-वरांच्या प्रतिज्ञा हा त्याचा गाभा, म्हणून तिथे बोलणाऱ्याच्या माइकची वायर मिळणं हेच मुख्य काम. नोंदणी कार्यालयात जागा अपुरी असते. एक कॅमेरा, एक लहान माइक आणि अधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी.

पेन ड्राइव्ह टीव्हीवर चालत नाही. फिल्म खराब आहे का?

बहुधा नाही. पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून ‘एक्सफॅट’ करून घ्यावा लागतो. आणि फाइल एच.२६५ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये असेल तर जुने टीव्ही ती उघडत नाहीत. टीव्हीसाठी एक फुल एचडी प्रत एच.२६४ मध्ये मागा, कोणताही स्टुडिओ ती सहज काढून देतो.

फिल्म कुठे जपून ठेवावी?

तीन प्रती: एक हार्ड डिस्क मुलाकडे, एक मुलीच्या माहेरी आणि एक क्लाउडवर. पेन ड्राइव्ह फक्त बघण्यासाठी, साठवणीसाठी नाही. यूट्यूबवरची प्रत दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते, ती मूळ समजू नका. डिस्क वर्षातून एकदा जोडून दोन-चार फाइली चालवून बघा आणि पाच-सहा वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवा.

पैसे घेतले, फिल्मच दिली नाही. काय करावं?

आधी लेखी, तारीख देऊन मागा. व्हॉट्सॲपपेक्षा ईमेल किंवा नोंदणीकृत पत्र बरं. त्यानंही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. करार, पावत्या, यूपीआयचे व्यवहार आणि तारखा कबूल केलेले मेसेज यांच्या प्रती जोडा. शूटिंगचा डेटा अजून त्यांच्याकडे असेल तर पहिल्याच पत्रात ‘डेटा पुसू नये’ हे वाक्य घाला.